इफ्ताहचा नवस

मिल्टनचे 'सॅमसन अ‍ॅगोनिस्टीज' शिकवताना आमच्या इंग्रजीच्या सरांनी सहज सांगितले की, या काव्यावरून हँडेल नावाच्या संगीतकाराने एक ओरॅटोरिओ रचला होता. ओरॅटोरिओ म्हणजे काय, हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हते. मला तर तो शब्द वहीत धड लिहिताही आला नाही. पण तो डोक्यात राहिला. शोधता शोधता 'सॅमसन' बाजूला पडला आणि हँडेलच्याच 'जेफ्था'पाशी येऊन मी थांबले. संगीतातले शास्त्र मला कळत नाही, हे आधीच कबूल करते. जे ऐकले, वाचले आणि मनाला लागले, तेवढेच येथे सांगणार आहे.

ओरॅटोरिओ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ प्रार्थनेची खोली. सोळाव्या शतकात रोममध्ये फिलिप नेरी या संताच्या प्रार्थनासभा अशा जागी भरत आणि तेथे धर्मपर गीते गायली जात. पुढे जागेचे नाव गाण्याच्या प्रकाराला चिकटले. यात ऑपेराप्रमाणे कथा असते, पात्रे असतात, वाद्यवृंद असतो. पण वेषभूषा नाही, पडदे नाहीत, अभिनय नाही. कथा पुढे नेणारा भाग बोलण्याच्या लयीत गातात, त्याला रेसिटेटिव्ह म्हणतात. एका पात्राच्या मनातले सांगायला आरिया असते आणि लोकांचे म्हणणे मांडायला समूहगान, म्हणजे कोरस. जॉर्ज फ्रेडरिक हँडेल (१६८५–१७५९) हा जन्माने जर्मन, पण त्याची बहुतेक हयात लंडनमध्ये गेली. ऑपेरा चालेनासे झाले तेव्हा तो या प्रकाराकडे वळला, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात थिएटरात तिकीट लावून त्याने हे प्रयोग केले. म्हणजे विषय बायबलचा, पण जागा नाटकाची!

'जेफ्था'ची कथा बायबलच्या जुन्या करारात, 'शास्ते' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे. मराठी बायबलमध्ये नायकाचे नाव इफ्ताह असे येते. तो वेश्येचा मुलगा, म्हणून सावत्र भावांनी त्याला घरातून हाकलून दिलेले. पुढे अम्मोनी लोकांशी युद्धाचा प्रसंग आला, तेव्हा गिलादचे वडीलधारे त्यालाच बोलवायला गेले. लढाईपूर्वी त्याने देवाला नवस केला की, जय मिळाला तर परत आल्यावर माझ्या घराच्या दारातून जे सामोरे येईल ते तुला होमबली म्हणून अर्पण करीन. जय मिळाला. आणि दारातून डफ वाजवीत, नाचत बाहेर आली ती त्याची एकुलती एक मुलगी.

ही गोष्ट मी घरी आजीला सांगितली. आजीला अक्षरओळख नाही, पण नवस म्हणजे काय हे तिला समजावून सांगावे लागले नाही. तिने दोनच प्रश्न विचारले. "पोरीचं नाव काय?" आणि "नवस बोलला बाप, मग फेडायचा कुणी?"

पहिल्या प्रश्नाला बायबलमध्ये उत्तर नाही. इफ्ताहचे नाव आहे, गावांची नावे आहेत, मुलीचे नाव कोठेच नाही. हँडेलच्या आधी सुमारे शंभर वर्षे, १६४८ च्या सुमारास, रोममध्ये जाकोमो कारिस्सिमीने याच कथेवर लॅटिनमध्ये 'जेफ्ते' हा छोटा ओरॅटोरिओ रचला. त्यातही ती नुसती 'फिलिया', म्हणजे मुलगी. हँडेलसाठी संहिता लिहिणाऱ्या थॉमस मॉरेल या धर्मोपदेशकाने तिला आयफिस म्हटले. हे नाव ऐकून ग्रीक कथेतली इफिजिनिया आठवते. तिलाही बापानेच, जहाजांना वारा मिळावा म्हणून, बळी द्यायला काढले होते.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. जुन्या ज्यू परंपरेतले एक भाष्य मला फार आवडले. त्यात म्हटले आहे की, मुख्य पुरोहिताकडून इफ्ताहला हा नवस रद्द करून घेता आला असता. पण मी सेनापती, मी कशाला जाऊ, असे इफ्ताहला वाटले आणि मी पुरोहित, मी कशाला जाऊ, असे त्याला वाटले. दोघांच्या मानापानात मुलगी गेली. बाराव्या-तेराव्या शतकांतील किम्ही या भाष्यकारांनी निराळीच वाट काढली. नवसातल्या हिब्रू अव्ययाचा अर्थ 'आणि' न घेता 'किंवा' घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे येईल ते देवाला वाहिले जाईल, किंवा बळी दिले जाईल. एका अव्ययावर एक जीव वाचतो!

कारिस्सिमी असल्या वाटा शोधत नाही. त्याची मुलगी मरणाआधी दोन महिन्यांची सवलत मागते आणि मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन आपल्या न जगलेल्या आयुष्यासाठी रडते. तिच्या ओळींचे शेवट दोन स्त्री-आवाज प्रतिध्वनीसारखे परत म्हणतात. डोंगरच उत्तर देत आहेत असे वाटते. शेवटी सहा स्वरांचा कोरस रडतो आणि रचना संपते. बळी दिला की नाही, हे सांगितलेच जात नाही.

मॉरेलने किम्हींचा अर्थ घेतला. तिसऱ्या अंकात देवदूत येतो आणि सांगतो की आयफिसला मरायचे नाही, तिने आजन्म कुमारी राहून देवाची सेवा करायची. सगळे आनंदाने गातात. तिचा प्रियकर हेमर तोही गातो. मला हा शेवट पटला नाही. जीव वाचला हे खरे, पण तिच्या आयुष्याचा निर्णय पुन्हा दुसऱ्यानेच केला.

पण या ओरॅटोरिओचा प्राण तिसऱ्या अंकात नाही, दुसऱ्याच्या शेवटी आहे. आई स्टॉर्जी, हेमर आणि काका झेबूल तिघे इफ्ताहला विनवतात. तो एकटा नकार देत राहतो. चौघांचे आवाज एकाच वेळी चालतात, पण त्याचा आवाज त्यांच्यात मिसळत नाही. यानंतर त्याचे तुटक, धाप लागल्यासारखे रेसिटेटिव्ह येते, आणि मग देवाचे निर्णय माणसाला किती अगम्य, असे म्हणणारा कोरस. हा कोरस लिहीत असताना, १३ फेब्रुवारी १७५१ रोजी, हँडेलला थांबावे लागले. डाव्या डोळ्याची दृष्टी मंदावल्यामुळे पुढे लिहिता येत नाही, अशी नोंद त्याने हस्तलिखितावरच जर्मन भाषेत केली. दहा दिवसांनी, २३ तारखेला, म्हणजे आपल्या सहासष्टाव्या वाढदिवशी, थोडे बरे वाटते असे लिहून त्याने पुन्हा लेखणी धरली. 'मेसाया' चोवीस दिवसांत लिहिणाऱ्या या माणसाला 'जेफ्था' पुरा करायला ऑगस्ट उजाडला.

याच कोरसच्या शेवटी मॉरेलने लिहिले होते की देव जे ठरवतो ते योग्य. हँडेलने तेथे देवाचा उल्लेख काढला आणि अलेक्झांडर पोप या कवीचे शब्द घातले. जे आहे ते योग्य, असा त्यांचा अर्थ. ते शब्द कोरस घाव घातल्यासारखे म्हणतो, मध्ये मध्ये थांबत. ही श्रद्धा की संताप, याचा मी पुष्कळ विचार केला. मला तरी ते पटलेल्या माणसाचे बोलणे वाटत नाही.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिते. बारावीनंतर माझ्या वडिलांनी एका स्थळाला शब्द दिला होता. आमच्याकडे शब्द म्हणजे शब्द. पुढे दोन महिन्यांनी ते स्वतः त्या घरी गेले आणि शब्द मागे घेऊन आले. भावकीत त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. काही घरांशी येणे-जाणे आजही बंद आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. त्यामुळे इफ्ताह आपल्या नवसाच्या पक्केपणाविषयी गातो, तेव्हा मला तो शूर वाटत नाही.

'जेफ्था'चा पहिला प्रयोग २६ फेब्रुवारी १७५२ रोजी कॉव्हेंट गार्डनला झाला. जॉन बियर्ड इफ्ताह झाला आणि जुलिया फ्रासी आयफिस. त्यानंतर वर्षभरातच हँडेलची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. ज्यांना ऐकावेसे वाटेल त्यांनी आधी कारिस्सिमीचा 'जेफ्ते' घ्यावा. त्याला अर्धा तासही लागत नाही. हँडेलचा फार मोठा आहे, तो एका बैठकीत झेपणार नाही. पण दुसऱ्या अंकाचा शेवट कानाला इयरफोन लावून, शब्द समोर ठेवून ऐकावा. आजीला मी तोच ऐकवला. इंग्रजी तिला कळत नाही, चौघांचे गाणे संपल्यावर तिने विचारले, "यात पोरगी कुठंय?" त्या गाण्यात ती नाही.