सांध्यावर अडलेला संगणक

धारवाडहून लोंढ्याच्या दिशेने जाणारा लोहमार्ग अळणावरला फुटतो. एक वाट सरळ लोंढ्याकडे जाते. दुसरी दांडेलीच्या रानाकडे, अंबेवाडीपर्यंत. या दुसऱ्या वाटेवर दीर्घकाळ प्रवासी गाडी नव्हती. ती २०१९ साली पुन्हा धावू लागली. गाडी कोणत्या वाटेला लागावयाची, हे इंजिनचालकाच्या इच्छेवर अवलंबून नसते. ती येण्यापूर्वीच सांधे एका बाजूस जोडलेले असतात, आणि चाके निमूटपणे त्याच रुळांवरून जातात.

संगणक सुरू होतो तेव्हा नेमके हेच घडते. कळ दाबल्यापासून पडद्यावर पहिले चित्र उमटेपर्यंतच्या अवघ्या काही क्षणांत यंत्रातील एक छोटा, कायमचा कार्यक्रम जागा होतो आणि कार्यप्रणाली कोठून उचलावयाची, हे ठरवितो. कार्यप्रणाली म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी, यंत्राचा सगळा कारभार पाहणारी व्यवस्था. सुरू होण्याच्या या क्रियेस ‘बूट होणे’ म्हणतात. विंडोज असलेल्या संगणकात पेनड्राइव्ह खोचून लिनक्स सुरू करू पाहणाऱ्यांची जी फसगत होते, ती बहुधा याच सांध्यावर होते.

ही खटपट आज पुष्कळांना का करावी लागते, याला कारण आहे. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्यांस कंपनीने आणखी एका वर्षाची मुदत देऊ केली, एवढेच. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर तिला ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा घटक लागतो. परिणामी आठ-दहा वर्षे चाललेली आणि अद्याप धडधाकट असलेली असंख्य यंत्रे एका दिवसात ‘जुनी’ ठरली. लहान गावातील दुकानदाराला, शाळेला किंवा विद्यार्थ्याला नवे यंत्र घेणे सोपे नसते. १९९१ साली लिनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेली लिनक्स अशा वेळी उपयोगी पडते. ती विनामूल्य मिळते. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत लिहिण्याची सोय तिच्यात असते. आणि तिचे बहुतेक प्रचलित प्रकार यंत्रातील डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात.

अडचण येते ती येथे. पेनड्राइव्ह खोचला जातो, संगणक सुरू होतो, आणि पडद्यावर नेहमीचीच विंडोज उभी राहते. नाहीतर पडदा काळा होऊन बसतो. मनुष्य म्हणतो, यंत्र बिघडले, किंवा लिनक्सच कुचकामाची. यातले बहुधा काहीच खरे नसते. वाटेत चार नाकी आहेत. त्यांपैकी कोणत्या नाक्यावर अडले, एवढेच शोधावयाचे असते.

पहिले नाके पेनड्राइव्हचेच. लिनक्स ‘आयएसओ’ नावाच्या एका अखंड फाइलीच्या रूपाने मिळते. इतर फाइलींप्रमाणे ती पेनड्राइव्हवर नुसती उतरवून ठेवली, तर यंत्राच्या दृष्टीने ती केवळ सांभाळून ठेवलेली वस्तू असते. तिच्यातील मजकूर विशिष्ट रचनेने पेनड्राइव्हवर मांडावा लागतो, आणि त्यासाठी रूफस किंवा बलेनाएचर यांसारखे कार्यक्रम वापरतात. या क्रियेत पेनड्राइव्हवरील पूर्वीचे सर्व काही पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. उतरवून घेताना फाइल अपुरी राहणे हाही नेहमीचा दोष आहे. म्हणून प्रकाशक तिच्याबरोबर ६४ अक्षरांची एक खूणसंख्या देतात. आपल्या प्रतीवरून काढलेली संख्या तिच्याशी तंतोतंत जुळली, तरच प्रत निर्दोष समजावी.

दुसरे नाके अनुक्रमाचे. प्रथम आतली डिस्क पाहावी की पेनड्राइव्ह, याची यादी यंत्रात लिहिलेली असते, आणि सहसा डिस्कच आधी असते. संगणक सुरू होताच एफ१२, एफ९, एस्केप अशी, उत्पादकाने नेमलेली कळ दाबली, की निवडीची यादी समोर येते. पण अलीकडची विंडोज ‘शट डाउन’ करतानाही पुष्कळदा पुरती बंद होत नाही. लवकर उठता यावे म्हणून ती आपली अवस्था डिस्कवर लिहून डुलकी घेते, आणि मग ती कळ दाबण्यास सवडच उरत नाही. अशा वेळी विंडोजमध्येच शिफ्टची कळ दाबून ‘रीस्टार्ट’ निवडावे; पुढे येणाऱ्या पर्यायांत ‘यूज अ डिव्हाइस’ असते, तेथून पेनड्राइव्ह निवडता येतो.

तिसऱ्या नाक्याची अडचण अळणावरकरांना सहज समजेल. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत त्यांच्या गावावरून जाणारा मार्ग मीटर गेज होता. रुळांतील अंतर एक मीटर. त्यावर १६७६ मिलिमीटर अंतराची ब्रॉड गेज गाडी कितीही उत्तम असली तरी चालली नसती. संगणकातही अशी दोन मापे आहेत. १९८१ सालच्या आयबीएमच्या संगणकापासून चालत आलेली जुनी पद्धत म्हणजे बायोस. ती डिस्कच्या आरंभीचे अवघे ५१२ बाइट वाचते आणि तेथील सूचनांवरून पुढे जाते. नवी पद्धत यूईएफआय. ती पेनड्राइव्हवरील ठरावीक कप्प्यात ठरावीक नावाची फाइल शोधते. केवळ एका पद्धतीसाठी तयार केलेला पेनड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीने चालणाऱ्या यंत्राला दिसत नाही, किंवा दिसूनही सुरू होत नाही. रूफससारखा कार्यक्रम ‘एमबीआर की जीपीटी’ असे विचारतो, ते याच कारणाने. गेल्या दहा-बारा वर्षांतील बहुतेक यंत्रांना जीपीटी व यूईएफआय ही जोडी मानवते. फार जुन्या यंत्रांना एमबीआर व बायोस.

चौथे नाके मोहोरेचे. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ ही पद्धत सर्वत्र आली. सुरू होणाऱ्या कार्यक्रमावर ओळखीची संगणकीय मोहोर असेल, तरच त्यास आत सोडावयाचे, असा हा नियम. संगणक सुरू होण्याच्या क्षणीच शिरकाव करणाऱ्या घातक कार्यक्रमांना आळा घालणे, हा त्याचा हेतू योग्यच आहे. परंतु बहुतेक यंत्रांत जी मोहोर ओळखली जाते, ती मायक्रोसॉफ्टची. म्हणून लिनक्सचे प्रमुख प्रकार ‘शिम’ नावाचा एक लहान कार्यक्रम त्या कंपनीकडून मोहोर लावून घेऊन पुढे ठेवतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेने जुन्या, सदोष बूट-कार्यक्रमांची मान्यता काढून घेतली. विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी नांदत असलेल्या यंत्रांना ती लागू व्हावयाची नव्हती, तरी पुष्कळांना लागली, आणि काल चालणारी लिनक्स आज ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश देऊन थांबली. जुने पेनड्राइव्हही त्याच रीतीने अडले. यावर पहिला उपाय म्हणजे लिनक्सची ताजी आवृत्ती घेणे. सिक्युअर बूट बंद करणे हा दुसरा उपाय, आणि तो तात्पुरताच असावा.

मात्र त्यापूर्वी एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. अनेक नव्या लॅपटॉपांत बिटलॉकर नावाचे कुलूप डिस्कवर आपोआप लागलेले असते, आणि मालकाला त्याची वार्ताही नसते. सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल झाला, की ते कुलूप ४८ अंकी किल्ली मागते. किल्ली सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते; पण ते खाते दुकानदाराने उघडून दिलेले आणि परवलीचा शब्द विसरलेला असेल, तर वर्षांचे हिशेब आणि घरची छायाचित्रे डोळ्यांसमोर असून हाती लागत नाहीत. नवे यंत्र विकत घेता येते. ही हानी भरून येत नाही. म्हणून किल्ली आधी कागदावर उतरवावी, महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळी ठेवावी, आणि मगच यंत्राच्या मांडणीस हात लावावा.

चारही नाकी ओलांडल्यावर पडदा काळा राहिला, तर दोष बहुधा चित्रघटकाच्या जुळणीचा असतो. आरंभीच्या यादीत ‘सेफ ग्राफिक्स’ असा पर्याय असल्यास तो घ्यावा. लिनक्स सुरू झाली पण आतली डिस्क दिसत नाही, असे झाले, तर इंटेलची ‘आरएसटी’ ही मांडणी चालू असण्याचा संभव आहे. ती पूर्वतयारीवाचून बदलल्यास विंडोज उठेनाशी होते. तेव्हा तेथे उतावीळपणा नको.

अशा प्रसंगी पुष्कळ जण एकाच वेळी पाच गोष्टी बदलतात, आणि मग कशाने बिघडले व कशाने सुधारले, हे कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपावा. पडद्यावरील संदेश शब्दशः उतरवून घ्यावा. कोणत्या नाक्यावर अडले, हे त्या शब्दांतच लिहिलेले असते. शक्य तर तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकात लावून पाहावा. तेथे तो चालला, तर पेनड्राइव्ह निर्दोष ठरतो आणि शोध निम्म्यावर येतो. भंगारवाल्याच्या वाटेवर निघालेले यंत्र घरी आणखी काही वर्षे राबेल, यासाठी एवढा एका संध्याकाळचा धीर फार नव्हे.