न दिसणारा दाह

‘आमचा तर किडकिडीत आहे, त्याला कुठली आलीय चरबी?’ मुलाच्या रोजच्या बिस्किटपुड्याचा विषय काढला की अनेक घरांत हेच ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने या समजुतीला फार पूर्वीच धक्का दिला आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची आणि त्यांच्या बाळांची काळजीपूर्वक मापं घेतली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोची, आपली २.७ किलोची. पण हा तुटवडा सगळीकडे सारखा नव्हता. स्नायू आणि पोटातले अवयव यांत आपली बाळं बरीच मागे होती, कातडीखालच्या चरबीत मात्र फारशी नाही. बारीक दिसणारं मूल आतून बारीक असेलच असं नाही.

दाहाच्या लेखात चरबी कशाला, तर चरबी ही नुसती साठवणीची कोठी नव्हे. त्याच १९९३ साली अमेरिकेत गोखान होतामिश्लिगिल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ हे दाह भडकवणारं रसायन तयार होतं. पुढे २००३ मध्ये आढळलं, की वाढलेल्या चरबीत भक्षकपेशी येऊन ठाण मांडतात. जंतू आले की धावून जाणाऱ्या याच पेशी. गुडघा फुटला की तो लाल होतो, सुजतो, ठणकतो आणि चार दिवसांत शमतो. तो दाह हवाच. चरबीतला हा दुसरा दाह ना दुखतो ना ताप आणतो, आणि शमतही नाही. रक्तातल्या सीआरपी या प्रथिनाच्या बारीक वाढीवरून त्याचा माग लागतो. अमेरिकेतल्या ८ ते १६ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत जादा वजनाच्या मुलांमध्ये ही वाढ दिसली होती. ते निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा एक फटका आपल्याकडच्या वयात येणाऱ्या मुलींना बसू शकतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. दाह असला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त बनवतं आणि आतड्यातून लोह रक्तात यायची वाट अरुंद होते. शिवाय ज्यावरून लोहाचा साठा जोखतात ते फेरिटिन दाहात वाढतं, त्यामुळे तो साठा कागदावर भरलेला दिसतो. म्हणूनच २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांच्या फेरिटिनसोबत सीआरपीही मोजलं गेलं.

मग ताटात काय असावं? मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चोथा. ज्वारी, बाजरी, मटकी, चवळी, पालेभाज्या यांतला जो भाग आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट तयार होतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं ते मुख्य इंधन, आणि दाहाला आवर घालणाऱ्या पेशींनाही त्याने बळ मिळतं. मैद्याच्या पदार्थांतून या जिवाणूंच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. गोड शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली कडक मर्यादा, म्हणजे दिवसाच्या उष्मांकाच्या ५ टक्के, दहा वर्षांच्या मुलासाठी जेमतेम २५ ग्रॅम भरते. दिवाळीच्या चार दिवसांच्या फराळाने काही बिघडत नाही. बिघडतं ते शाळेच्या दिवसांतल्या रोजच्या खाण्याने. हळदीच्या दुधावर मात्र फार भिस्त ठेवू नये. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात अगदी थोडं उतरतं.

ताटातल्या या बदलांचं काम सावकाश चालतं आणि त्याचा परिणाम मोजायलाही अवघड. पण दोन आजारांत पथ्य हेच औषध ठरतं. सीलिअ‍ॅक आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला दाह होतो आणि मूल खातं-पितं असूनही खंगत जातं. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाआधीपासून होता. १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो पुराव्यानिशी मांडला. गहू, जव, राय कायमचे सोडले की आतडं भरून येतं. आपलं नशीब, की ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ अशा मुलांना चालतात. फक्त गिरणीत गव्हापाठोपाठ दळलेलं पीठ चालत नाही, एवढं ध्यानात ठेवावं लागतं.

दुसरा आजार क्रोन्स, हाही आतड्याच्या दाहाचाच. यात सहा ते आठ आठवडे बाकी सगळं अन्न थांबवून मुलाला केवळ वैद्यकीय पोषणपेयावर ठेवतात. बहुसंख्य मुलांचा आजार त्याने आटोक्यात येतो, आणि स्टेरॉइड टळल्याने उंचीही खुंटत नाही. दीड-दोन महिने पोळीभाजीचा घास नाही! चौदा वर्षांचा मुलगा हे निभावतो तेव्हा त्याचं आणि त्याच्या आईचं मला मनापासून कौतुक वाटतं.

या यशाचा आधार घेऊन कुठल्याही दुखण्यात मुलाचा गहू आणि दूध परस्पर बंद करणं मला घातक वाटतं. तपासणीआधी गहू सोडला, तर सीलिअ‍ॅकची रक्तचाचणी चुकीने निर्दोष येऊ शकते. लहान मुलांच्या संधिवातात तर कुठलंच पथ्य औषधाची जागा घेईल असं सिद्ध झालेलं नाही. तिथे औषध थांबवलं, तर सांधा कायमचा झिजू शकतो.

आणि त्या किडकिडीत मुलाचं काय? सहा वर्षांपुढच्या मुलासाठी घरच्या घरी करता येईल अशी एक मोजणी आहे. त्याच्या उंचीएवढा दोरा घ्यावा, दुमडून निम्मा करावा आणि कमरेभोवती फिरवून पाहावा. टोकाला टोक मिळालं नाही, तर वजनकाट्यावरचा आकडा कितीही कमी असो, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे पोटाच्या घेराचा विषय काढावा.