औद्योगिक सांडपाण्यातील नत्र : शैवाल व खनिजे यांची उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना :
मांजरी बुद्रुक येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ साली स्थापन झालेली संस्था साखर व मद्यार्क उद्योगांच्या संशोधनाचे प्रमुख केंद्र होय. गावालगत वाहणारी मुळा-मुठा पुढे भीमेस मिळते व ते पाणी उजनी जलाशयात साठते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांच्या पोषणावर जलाशयात शैवाल माजते. हेच शैवाल कारखान्याच्या टाकीत नियंत्रितपणे वाढविल्यास शुद्धीकरणाचे साधन ठरेल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यातील सेंद्रिय कर्ब बायोगॅस संयंत्रात घटतो. नत्र मात्र अमोनियमच्या रूपाने पाण्यातच राहतो. क्लोरेला, सीनडेस्मस यांसारखी सूक्ष्म शैवाले तो पेशीनिर्मितीसाठी शोषून घेतात. शुष्क शैवालात सुमारे ७ टक्के नत्र धरल्यास १ किलो नत्र काढण्यासाठी सुमारे १४ किलो शुष्क शैवाल वाढवावे लागते. मात्र प्रकाशसंश्लेषणाने पाण्याचा सामू वाढतो, अमोनियमचे अमोनियात रूपांतर होते आणि अधिक मात्रेत तो शैवालासच मारक ठरतो.

येथे जिओलाइट खनिजे साह्यभूत होतात. मांजरीजवळील वाघोलीच्या बेसाल्ट खाणींत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही जिओलाइटे आढळतात. शुद्धीकरणात प्रामुख्याने वापरले जाणारे क्लिनोप्टिलोलाइट हे रचनेने ह्यूलँडाइटसारखेच असून ते सोडियमच्या बदल्यात अमोनियम धरून ठेवते. परंतु पोटॅशियमला ते अमोनियमहूनही अधिक पसंती देते. मळीच्या सांडपाण्यात पोटॅशियम विपुल असते. शिवाय त्याच्या गडद रंगामुळे शैवालास प्रकाश मिळत नाही. म्हणून मूळ सांडपाण्यापेक्षा, त्याच्या बाष्पीभवनातून मिळणारे, क्षार अत्यल्प असलेले व जवळजवळ रंगहीन संघनित पाणी या पद्धतीस अधिक योग्य ठरावे. त्यात स्फुरद मात्र बाहेरून द्यावा लागेल.

निष्कर्ष :
या पद्धतीत नत्र नष्ट होत नाही, त्याचे केवळ स्थलांतर होते. शैवाल वेळीच काढले नाही, तर ते कुजून नत्र पुन्हा पाण्यात उतरतो. जिओलाइट मिठाच्या पाण्याने धुतल्यास तो त्या पाण्यात येतो. सामू वाढल्यास हवेत जातो. म्हणून केवळ पाण्यातील घट नोंदविणारा प्रयोग अपुरा होय. पाणी, शैवाल, खनिज व हवा या चारही ठिकाणच्या नत्राचा ताळेबंद जुळला, तरच शुद्धीकरण झाले असे म्हणता येईल. महाविद्यालयीन प्रकल्पांतही हीच कसोटी लावणे इष्ट ठरेल.