शस्त्रक्रियेचा ताण आणि प्रोस्टेटचा कर्करोग

पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीस कर्करोग झाल्यास ती शस्त्रक्रियेने काढून टाकणे हा एक प्रस्थापित उपचार होय. मात्र शस्त्रक्रियेची धास्ती व शरीरास होणारी इजा यांमुळे अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात वाढतात. या द्रव्यांमुळे रोगासही बळ मिळत असावे काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

न्यूयॉर्क येथील संशोधकांनी २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत असे दाखविले की, ग्रंथीतील तत्सम मज्जासंदेश रोखल्यास गाठीची प्रारंभीची वाढ मंदावते. हे संदेश अडविणारे प्रोप्रानोलॉल हे औषध सर जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात विकसित केले. हृदयविकार व रक्तदाबावरील हे औषध स्वस्त व परिचित असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी ते देण्याची कल्पना पुढे आली. स्तनाच्या व आतड्याच्या कर्करोगात तशा लहान चाचण्या झाल्या. परंतु प्रोस्टेटच्या रुग्णाचे आयुष्य त्याने वाढते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

सावधगिरीचे कारण आणखी एक आहे. याच वर्गातील मेटोप्रोलॉल शस्त्रक्रियेच्या काही तास आधी सुरू करून पाहणाऱ्या, ८,३५१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हृदयविकाराचे झटके घटले, पण पक्षाघात व मृत्यू वाढले. दमेकऱ्यांना तर प्रोप्रानोलॉल घातक ठरू शकते.

यास्तव असे औषध कोणीही आपल्या मनाने सुरू करू नये आणि पूर्वीपासून घेत असल्यास अचानक बंदही करू नये. तज्ज्ञांनी शस्त्रक्रिया सुचविल्यास गोळीच्या आशेवर ती लांबणीवर टाकू नये, हे गावातील वडीलधाऱ्यांस समजावून सांगणे अगत्याचे आहे.