अडलेलें शटर

दुकानें व मोटारी ठेवण्याच्या खोल्या यांना हल्लीं बहुधा लोखंडी गुंडाळतें दार, म्हणजे शटर, बसविलेलें असतें. तें सुरळीत चालत असतां त्याची कोणी दखल घेत नाहीं. परंतु एखादे दिवशीं तें अर्ध्यावर अडून बसलें, कीं सर्व मंडळी त्यावर आपलें बळ अजमावूं लागतात. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या शाळेच्या गॅरेजचें शटर खालून वीतभर उघडें राहूं लागलें. नववीच्या चार मुलांनीं त्यावर पाय देऊन तें दाबलें; परिणाम एवढाच झाला, कीं खालची पट्टी वांकली. कारागीर आला, तेव्हां दिसून आलें, कीं एका खाचेंत चिंचोक्याएवढा खडा अडकला होता. तो काढण्यास अर्धें मिनिट लागलें. पट्टी सरळ करण्यांत सबंध दिवस गेला. म्हणून या साध्या यंत्राची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी असें आम्हांस वाटलें.

प्रथम शटराची रचना पाहूं. लोखंडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींत गुंतवून त्याचा पडदा केलेला असतो. दोहों बाजूंस उभ्या खाचा असतात. पट्ट्यांचीं टोकें त्यांतून वरखालीं सरकतात. चौकटीच्या वर एक आडवा दांडा असून पडदा त्याभोंवतीं गुंडाळला जातो. त्या दांड्यावर पोलादी स्प्रिंगा बसविलेल्या असतात. शटर खालीं येतांना त्या पिळल्या जातात व पडद्याच्या भाराचें बळ आपल्यांत सांठवितात. वर जातांना तेंच बळ परत देतात. म्हणूनच साठ किलो किंवा त्याहूनहि जड पडदा एकटा मनुष्य वर सारूं शकतो. यावरून हेंहि ध्यानांत येईल, कीं शटर पूर्ण बंद असतें, तेव्हां स्प्रिंगांतील ताण सर्वांत अधिक असतो.

शटर अडल्यास पहिलें काम हें, कीं थांबावें व तें कोठें अडलें तें पाहावें. येथें खडूचा एक तुकडा फार उपयोगी पडतो. शटराची खालची कड जेथें थांबली असेल, तेथें दोन्ही बाजूंस खूण करावी व जमिनीपासून दोन्ही खुणांची उंची मोजावी. उंची सारखी नसेल, तर पडदा तिरका चालला आहे. म्हणजे एका खाचेंत कांहीं अडकलें आहे, एखादी पट्टी बाजूस सरकली आहे, किंवा एखादी स्प्रिंग निकामी झाली आहे. उंची सारखी असेल, तर उंबरा व दोन्ही खाचा तपासाव्या. चिखल, खडे, गंज, मोटारीच्या धक्क्यानें वांकलेली खाच, हीं नेहमींचीं कारणें होत. कचरा कोरड्या ब्रशानें काढावा. खाचेंत जाड ग्रीस मात्र भरूं नये. त्यास धूळ चिकटून पुन्हां गाळ सांचतो.

शटर उचलतांना जड लागत असेल, पूर्ण वर न जातां थांबत असेल, किंवा वर नेलेलें आपोआप खालीं येत असेल, तर स्प्रिंगा सैल पडल्या किंवा तुटल्या असें समजावें. येथें आपलें काम संपलें. ताणलेली स्प्रिंग अकस्मात् सुटली, तर हात मोडण्यास वेळ लागत नाहीं. अशा शटराखालून ये-जा बंद करावी व जाणत्या कारागिरास बोलवावें.

विजेच्या मोटरीवर चालणाऱ्या शटराची आणखी एक परीक्षा आहे. वीज बंद करून, हातानें ओढावयाची सांखळी असल्यास तिनें तें चालवून पाहावें. तसें तें सुरळीत चाललें, तर दोष पडद्यांत नसून मोटरींत, किंवा पडदा कोठें थांबावा हें ठरविणाऱ्या स्विचांत आहे. कांहीं दारांच्या पायथ्याशीं समोरासमोर किरणाचे डोळे बसविलेले असतात. मध्यें कांहीं आडवें आलें, कीं उतरतें दार थांबतें किंवा परत वर जातें. डोळ्यावर धूळ अथवा कोळिष्टक बसलें, तरी तसेंच होतें. तो मऊ फडक्यानें पुसावा. परंतु दार बंद होत नाहीं म्हणून डोळाच काढून टाकणें हा घोर अविचार होय. अमेरिकेंत मोटरीनें चालणाऱ्या गॅरेजच्या दारांखालीं सांपडून लहान मुलें दगावलीं. तेव्हां १९९० सालीं तेथें कायदा झाला, व १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांस असा डोळा किंवा त्या तोडीची दुसरी सोय सक्तीची झाली.

पालकांस आमची एवढीच विनंति, कीं उतरत्या शटराखालून धांवत निघण्याचा खेळ मुलांस खेळूं देऊं नये व त्याचें बटण लहानांच्या हातीं लागूं देऊं नये. आमचीं तीं चार मुलें आतां दर शनिवारीं ब्रश घेऊन खाचा झाडतात. तेव्हांपासून शटर अडलेलें नाहीं. आणि पुढें कधीं अडलेंच, तर तीं पाय उचलण्यापूर्वीं खडू शोधतील, अशी आमची खात्री आहे.