गाव, संघ आणि मालक (लेखांक ५) : क्लीव्हलँडचा पन्नासावा हंगाम

मागच्या लेखात आपण बाल्टिमोरला होतो. १९८४च्या मार्चमधली ती रात्र, दाराशी लागलेले सामानाचे ट्रक आणि सकाळी शहराला कळलेली बातमी : आपला कोल्ट्स हा फुटबॉल संघ रातोरात इंडियानापोलिसला गेला. त्यानंतर बाल्टिमोरने एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमधल्या संघाविना बारा हंगाम काढले. या लेखात बाल्टिमोरला संघ मिळतो. तो ज्या गावाचा गेला, त्या गावाची ही हकिगत.

ईरी सरोवराच्या काठावरचं क्लीव्हलँड हे पोलादाचं शहर. १९५० साली तिथे नऊ लाखांहून अधिक माणसं राहत होती, १९९०च्या जनगणनेत ती पाच लाखांवर आली. मधल्या काळात कारखाने बंद पडत गेले. १९६९ साली तिथल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला आणि १९७८मध्ये महापालिकेला बँकांची कर्जं फेडता आली नाहीत. देशभर शहराची थट्टा व्हायची. पण रविवारी दुपारी सरोवराकडून येणारा बोचरा वारा अंगावर घेत हजारो माणसं जुन्या म्युनिसिपल स्टेडियमकडे चालू लागायची. तिथे त्यांचे ब्राउन्स खेळायचे.

हा संघ १९४६चा. त्याच्या आदल्याच हंगामात क्लीव्हलँडचा रॅम्स हा संघ राष्ट्रीय विजेता ठरला होता आणि विजेतेपदाच्या पाठोपाठ मालकाने तो लॉस एंजेलिसला हलवला होता. म्हणजे संघ जाण्याचं दुःख या गावाला नवं नव्हतं. रिकाम्या झालेल्या त्या जागी पॉल ब्राउन या प्रशिक्षकाने नवा संघ उभा केला आणि लोकांनी त्याला ब्राउन यांचंच नाव दिलं. मॅरियन मोटली आणि बिल विलिस या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना ब्राउन यांनी पहिल्याच वर्षी घेतलं. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये उतरला तो त्यानंतरच्या वर्षी. ब्राउन्सच्या नारिंगी हेल्मेटवर कसलंही चिन्ह नसे, आजही नाही. १९५०, १९५४, १९५५ आणि १९६४ अशी चार विजेतेपदं त्यांनी एनएफएलमध्ये मिळवली. शेवटचं मिळालं ते बाल्टिमोरच्या कोल्ट्सना २७-० असं हरवून.

त्यानंतर मिळाले ते फक्त चटके, आणि तेही तोंडाशी आलेला घास जाण्याचे. १९८७च्या जानेवारीत अंतिम फेरी काही मिनिटांवर असताना डेन्व्हरच्या जॉन एल्वेने ९८ यार्डांची चढाई करून बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना नेला. पुढच्या जानेवारीत पुन्हा डेन्व्हर. मध्यंतराला ब्राउन्स २१-३ असे मागे. उत्तरार्धात अर्नेस्ट बायनर या धावपटूने दोन टचडाउन करून सामना जवळजवळ एकट्याने ओढून आणला. शेवटच्या मिनिटाच्या आसपास धावसंख्या ३८-३१ होती. बायनर चेंडू काखेत दाबून आठ यार्डांवरून निघाला. समोर वाट मोकळी होती, बरोबरीची रेषा पाऊलभर उरली होती. तेवढ्यात जेरेमाया कॅस्टीलने हात घातला आणि चेंडू निसटला. अमेरिकेत त्या प्रसंगाला नुसतं ‘द फंबल’ म्हटलं की पुरतं. पुढच्याच वर्षी, १९८९मध्ये, बायनरला वॉशिंग्टनकडे धाडण्यात आलं. तिथे त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला आणि १९९४मध्ये तो आपणहून क्लीव्हलँडला परतला. हा माणूस लक्षात ठेवा.

आता पैशाचं गणित पाहू, कारण १९९५चा हंगाम त्याशिवाय कळत नाही. एनएफएलमध्ये दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात. तिकिटांच्या उत्पन्नातला वाटाही तेव्हा पाहुण्या संघाला द्यावा लागे. पण धनिकांसाठीच्या काचबंद कक्षांचं भाडं, पार्किंग, खाणंपिणं, मैदानातले जाहिरातींचे फलक यांतला बराच पैसा घरच्या संघाकडेच राहतो. त्यामुळे मालकाची श्रीमंती खेळाडूंपेक्षा स्टेडियमवर ठरू लागली, आणि सरकारी खर्चाने नवं स्टेडियम बांधून देणारं शहर त्याला आपल्या शहरापेक्षा मोलाचं वाटू लागलं. त्याच १९९५ साली रॅम्स लॉस एंजेलिस सोडून सेंट लुईसला गेले आणि रेडर्स ओकलंडला परतले.

ब्राउन्सचे मालक आर्ट मोडेल न्यूयॉर्कहून आलेले. १९६१ साली त्यांनी सुमारे चाळीस लाख डॉलरना संघ घेतला आणि दोन वर्षांत खुद्द पॉल ब्राउन यांनाच काढून टाकलं. सत्तरच्या दशकात महापालिकेकडून त्यांनी ते अवाढव्य जुनं स्टेडियम दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेतलं. त्याची डागडुजी त्यांच्याकडे आणि उत्पन्नही त्यांचंच. बेसबॉलचा इंडियन्स संघ त्यांचा भाडेकरू झाला. हंगामात इंडियन्सचे ८१ घरचे सामने, ब्राउन्सचे जेमतेम आठ-दहा. पुढे शहराने गावाच्या मध्यात नव्या मैदानांची गेटवे योजना आखली, तिच्यात मोडेल सामील झाले नाहीत. १९९४मध्ये इंडियन्स आपल्या नव्या मैदानात गेले, त्यांच्याबरोबर काचबंद कक्षांचं गिऱ्हाईकही गेलं, आणि मोडेल यांच्या हाती उरलं एक गळकं, प्रचंड, बहुतेक दिवस रिकामं स्टेडियम. कर्ज वाढत होतं. त्यांची अडचण खोटी होती असं मला वाटत नाही. पण ती त्यांनी स्वतःच्या निर्णयांनी ओढवून घेतली होती, आणि तिची भरपाई ज्यांनी केली त्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

हंगाम सुरू झाला तो मोठ्या आशेने. आदल्या वर्षी ११ विजय मिळाले होते. प्रशिक्षक होते बिल बेलिचिक. पुढे न्यू इंग्लंडला सहा वेळा सुपर बोल जिंकून देणारे हेच गृहस्थ, तेव्हा चाळिशीतले. पहिल्या चारांतले तीन सामने जिंकून संघाने सुरुवातही तशीच केली. इकडे २७ ऑक्टोबरला बाल्टिमोरच्या विमानतळावर, अल लर्नर या उद्योगपतीच्या खासगी विमानात, मोडेल यांनी गुपचूप करारावर सही केली. नवं स्टेडियम मेरीलँड राज्य बांधणार होतं आणि संघाला भाडं माफ होतं. ६ नोव्हेंबरला बाल्टिमोरच्या एका वाहनतळावर मांडव घालून ही घोषणा झाली. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडमध्ये मतदान होतं. दारू-सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवून जुन्या स्टेडियमची दुरुस्ती करायची की नाही, हा प्रश्न होता. संघ गेल्याचं कळूनही सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी होय म्हटलं. या संपूर्ण प्रकरणात माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट हीच. ज्याने पाठ फिरवली त्याच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला लोक रांगेत उभे राहिले.

मग मैदानातलं सगळंच सुटलं. प्रायोजकांनी हात काढून घेतले आणि स्टेडियममधले फलक कोरे पडले. घोषणेनंतरचे ओळीने पाच सामने संघ हरला. खेळाडूंचा दोष काय? त्यांनाही बातमी गावाबरोबरच कळली होती. त्यांचीही घरं तिथेच होती, मुलं तिथल्याच शाळांत होती.

१७ डिसेंबरला सिनसिनाटीविरुद्ध घरचा शेवटचा सामना होता. स्टेडियमच्या पूर्वेकडच्या स्वस्त बाकांना ‘डॉग पाउंड’ म्हणत, म्हणजे भटक्या कुत्र्यांचा कोंडवाडा. १९८५मध्ये हॅनफोर्ड डिक्सन आणि फ्रँक मिनिफील्ड या बचावपटूंनी ते नाव रूढ केलं. प्रेक्षक कुत्र्याचे मुखवटे लावून येत आणि भुंकत. त्या दिवशी ते करवती आणि पाने घेऊन आले. चौथ्या सत्रापर्यंत बाकांच्या आख्ख्या रांगा उखडून मैदानात येऊ लागल्या, आणि पंचांना त्या टोकाचा खेळ बंद करून दुसऱ्या टोकाला न्यावा लागला. राग होताच त्यात. पण पुष्कळ जणांना आपल्या बापाच्या बाकाची फळी घरी न्यायची होती, हेही खरं.

त्या सामन्यात बायनरने ३१ वेळा चेंडू घेतला आणि १२१ यार्ड कापले. वय तेहतीस, म्हणजे या खेळातल्या धावपटूचं म्हातारपणच. ब्राउन्स २६-१० असे जिंकले. घोषणेनंतरचा त्यांचा हा एकुलता एक विजय. सामना संपल्यावर खेळाडू आत गेले नाहीत. ते कोंडवाड्याकडे धावले. बायनर कठड्याशी जाऊन लोकांना मिठ्या मारत राहिला, आणि ज्या गावाने ते निसटणं इतकी वर्षं काळजात जपलं होतं, त्या गावाची माणसं त्याला सोडेनात. आठवड्याभराने जॅक्सनव्हिलला हंगामाचा अखेरचा सामना २४-२१ असा गेला. एकूण ५ विजय, ११ पराभव.

आता लढाई कोर्टात होती. भाडेपट्टा १९९८पर्यंतचा होता आणि महापौर मायकेल व्हाइट यांनी त्याच दोरीला धरून लीगला तडजोडीला आणलं. फेब्रुवारी १९९६मध्ये मालकांनी स्थलांतराला मंजुरी दिली. विरोधात दोनच मतं पडली, एक बफलोचं आणि दुसरं क्लीव्हलँडचा हाडवैरी असलेल्या पिट्सबर्गचं. मोडेल यांना खेळाडू आणि कर्मचारी नेता आले. नाव, रंग आणि १९४६पासूनची सगळी नोंदवही मात्र क्लीव्हलँडने ठेवून घेतली. ब्राउन्स ‘स्थगित’ झाले, १९९९पर्यंत नव्या स्टेडियमसह त्यांना परत आणण्याचं लीगने कबूल केलं, आणि बाल्टिमोरचा रेव्हन्स संघ कागदोपत्री अगदी नवा, इतिहासाविना जन्मलेला ठरला.

मागचा लेख आठवा. कोल्ट्सचं नाव, निळा-पांढरा रंग, त्यांचा खेळाडू जॉनी युनायटसचे विक्रम, सगळं त्या ट्रकांबरोबर गेलं होतं. बाल्टिमोरला ते कधीच परत मिळालं नाही. क्लीव्हलँडने जे मागितलं त्यात बक्षिसं फारशी नव्हती. शेवटचं विजेतेपद तीस वर्षांमागचं होतं. नोंदवहीच्या अलीकडच्या पानांवर एल्वेची ९८ यार्डांची चढाई होती, बायनरच्या काखेतून निसटलेला चेंडू होता. गावाने ती पानंही वकील लावून आपल्या नावावर करून घेतली. आयपीएलमुळे ‘फ्रँचायझी’ हा शब्द आपल्यालाही सवयीचा झाला आहे. पुणे वॉरियर्स तीन हंगामांत आला आणि गेला, तेवढ्यात कसलं नातं जुळणार? इथे पन्नास वर्षांचं होतं, आणि ते मालकाच्या सहीने संपत नाही हे एका महापालिकेने लिहून घेतलं.

रेव्हन्सनी २००१च्या जानेवारीत सुपर बोल जिंकला. तो संघ घडवणारे ओझी न्यूसम हे ब्राउन्सचे जुने खेळाडू. मोडेल २०१२मध्ये वारले. जुनं स्टेडियम पाडून त्याचा राडारोडा माशांना आसरा म्हणून ईरी सरोवराच्या तळाशी टाकला गेला आणि त्याच जागी नवं स्टेडियम उभं राहिलं. नव्या ब्राउन्सचे हक्क १९९८मध्ये ५३ कोटी डॉलरना विकले गेले. घेणारे होते अल लर्नर, ज्यांच्या विमानात ती सही झाली होती तेच.

१२ सप्टेंबर १९९९ला, तीन हंगामांच्या खंडानंतर, साध्या नारिंगी हेल्मेटचा संघ पुन्हा घरच्या मैदानात उतरला. समोर पिट्सबर्ग होतं. निकाल ०-४३. क्लीव्हलँडच्या नोंदवहीत १९९५च्या पानानंतरचं पान याच सामन्याने सुरू होतं.

(पुढच्या लेखात : ग्रीन बे, जिथे संघाचा कोणी एक मालक नाही.)