रेट्रो बल्ब: एका नावाखाली दोन वस्तू

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास अडकवणारा प्रश्न म्हणजे, "तुम्ही नेमकं काय मोजणार?" आज तो बल्बवरून समजून घेऊ.

लांबट काच, आत नागमोडी तार, मधासारखा पिवळा उजेड. हायवेवरच्या गार्डन हॉटेलांतले हे रेट्रो बल्ब आता घराच्या पडवीतही लटकतात. समजा, निमोण्यातल्या काही घरांचा अभ्यास करायचा आहे आणि तुमचा प्रश्न आहे, "रेट्रो बल्ब वीज जास्त खातो का?" साधा वाटतो, पण त्याला एक उत्तर नाही. "रेट्रो" हे रूपाचं नाव आहे. त्या रूपाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिल्यात खरीच टंगस्टनची तार असते. एडिसनच्या काळातली (१८७९) तार कार्बनची होती आणि ती फार तापवता येत नसे, म्हणून उजेड पिवळसर. आजची नक्कल टंगस्टन मुद्दाम कमी तापवून तोच रंग आणते, साधारण २,००० ते २,२०० केल्विन. साधा पिवळा बल्ब २,७०० च्या आसपास असतो. तार जितकी थंड, तितका वीजेतला उष्णतेचा वाटा जास्त. म्हणून ४० वॅटचा रेट्रो बल्ब साध्या ४० वॅटच्या निम्म्यापेक्षाही कमी उजेड देतो. इथे सुंदर रंग आणि उधळपट्टी या दोन गोष्टी नाहीतच, एकाच तापमानाच्या दोन बाजू आहेत.

दुसऱ्यात तार नसतेच. बारीक पट्टीवर निळ्या एलईडींची रांग आणि वर फॉस्फरचा लेप. रंग लेपातून येतो, तापमानातून नाही. ४ वॅटमध्ये पहिल्याइतका, बहुतेकदा जास्तच उजेड.

आता बिल बघा. पडवीत ४० वॅटचे पाच बल्ब, रोज पाच तास: दिवसाला एक युनिट, महिन्याला ३०. एलईडीचे पाच लावले तर ३. घराचा वापर ८० युनिट असेल तर पहिल्या प्रकाराने तो १०० च्या वर जातो आणि महावितरणच्या पुढच्या, महागड्या टप्प्याचा दर लागतो. दोन्ही प्रकार एका रकान्यात टाकून सरासरी काढलीत, तर ती कुठल्याच घराला लागू पडणार नाही.

मग बल्ब न फोडता ओळखायचं कसं? खोक्यावरचे वॅट आणि ल्युमेन वाचा, हे झालंच. पण मला जास्त आवडणारी युक्ती व्होल्टेजची. लाइनच्या टोकाच्या घरांत संध्याकाळी लोड वाढला की व्होल्टेज उतरतं. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. २३० चं २०० झालं की व्होल्टेज १३ टक्के उतरतं, उजेड मात्र ३८ टक्के. चांगला ड्रायव्हर असलेला एलईडी तसाच राहतो. स्वस्त ड्रायव्हरचा मात्र मंदावू शकतो, म्हणजे तुमचे गट दोनाचे तीन झाले. प्रश्न असाच धारदार होत जातो.

मोजताना बल्बची उंची आणि मोबाइलची जागा तीच ठेवा, बाहेर पूर्ण अंधार पडू द्या. मोबाइलचा लक्समीटर खरा आकडा देईलच असं नाही, तुलनेला मात्र चालतो. प्रत्येक वेळी व्होल्टेजही लिहा. मल्टिमीटर लावायला जाणता वायरमन सोबत घ्या, संशोधन जिवापेक्षा मोठं नाही. आणखी एक: हे बल्ब बहुतेक आट्यांचे असतात, आपले होल्डर खटक्याचे. अडॅप्टर आधीच घेऊन ठेवा, नाहीतर पहिला दिवस शिरूरच्या बाजारात जाईल.

एक गोष्ट लक्समीटरला दिसत नाही. एलईडी प्रकारात ड्रायव्हर बसवायला टोपीएवढीच जागा, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पट्टे हलताना दिसतात. घरातली मुलं त्याच उजेडात अभ्यासाला बसत असतील तर तक्त्यात हा रकाना ल्युमेनच्या आधी घाला.